डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस : प्रश्नाच्या मांडणीचा इतिहास

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस यांचा जन्म १८६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन येथे झाला. हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे (१८९५) ते पहिले कृष्णवर्णीय होत. त्या काळी अमेरिकेत सर्रास ‘निग्रो समस्ये’विषयी बोलले जाई आणि कृष्णवर्णीय मनुष्य हीच समस्या, हे त्यात गृहीत असे. १८९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डाच्या पाहणीचे काम त्यांच्याकडे आले तेही ह्याच गृहीतासह. ड्यू बॉइस घरोघर हिंडले आणि तेथील दारिद्र्याची व गुन्हेगारीची कारणे त्यांनी गुलामगिरीच्या वारशात व नाकारलेल्या रोजगारात दाखविली.

१९१० पासून ते ‘द क्रायसिस’चे संपादक होते. ‘निग्रो’ हा शब्द मोठ्या आद्याक्षराने छापावा, असा त्यांचा आग्रह असे. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नसल्यामुळे आपणांस तो क्षुल्लक वाटेल; परंतु ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो मान्य करण्यास १९३० साल उजाडले.

त्यांचे खरे मोठे कार्य ‘ब्लॅक रीकन्स्ट्रक्शन’ (१९३५) हेच. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ म्हणजे अडाणी निग्रोंचे बेबंद राज्य, अशी मांडणी कोलंबिया विद्यापीठातील डनिंग व त्यांच्या शिष्यांनी रूढ केली होती. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेणाऱ्या कायद्यांना तिचा विद्वन्मान्य आधार मिळे. ड्यू बॉइस यांनी ती उलटविली. मळे सोडून गेलेल्या गुलामांचे पलायन त्यांना सार्वत्रिक संप वाटले (ही संज्ञा काहीशी ताणलेली आहे, हे मान्य करावे लागेल). त्याच राजवटींनी दक्षिणेत सार्वजनिक शाळा उभारल्या, हेही त्यांनी दाखविले. गोऱ्या मजुराला तुटपुंज्या मजुरीबरोबर कातडीचा मान मिळे आणि तेवढ्यावर तो काळ्या मजुरापासून दूर राही, हे त्यांचे विश्लेषण आजही टिकून आहे. ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ने ग्रंथाची दखलही घेतली नाही.

१९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी संयुक्त राष्ट्रांकडील निग्रोंच्या निवेदनाविषयी त्यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांसाठीही तसाच मार्ग योजता येईल काय, हा विचार त्यामागे होता. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीने उत्तर दिले. १९४७ मध्ये त्यांनी स्वतः सिद्ध केलेले निवेदन सादर झाले. अंतर्गत प्रश्न मानवी हक्कांचा म्हणून जगापुढे जाणे शीतयुद्धाच्या प्रारंभी अमेरिकी शासनास परवडणारे नव्हते. ज्या संघटनेतर्फे ते सादर झाले, तिने १९४८ मध्ये ड्यू बॉइस यांना दूर केले. १९५१ मध्ये त्यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला झाला. ते निर्दोष सुटले, तरी पारपत्र १९५८ पर्यंत मिळाले नाही.

१९६१ मध्ये ते घानास गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी आक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या मोर्चात ती वार्ता जाहीर केली रॉय विल्किन्स यांनी, त्याच संघटनेच्या तत्कालीन प्रमुखांनी.