ज्यूल व्हर्न : अद्भुत सफरींतली गाळलेली पाने

औरंगाबाद शहराच्या भिंतींवर ६ मार्च १८६७ रोजी एक जाहीरनामा लागतो. १८५७च्या उठावानंतर नाहीसे झालेले नानासाहेब पेशवे मुंबई इलाख्यात परतल्याची वार्ता असून, त्यांना जिवंत वा मृत हवाली करणाऱ्यास दोन हजार पौंडांचे इनाम मिळेल, असे त्यात म्हटलेले असते. पुढे कथानक वेरूळच्या लेण्यांत शिरते आणि मग कलकत्त्याहून निघालेल्या, वाफेवर चालणाऱ्या एका पोलादी हत्तीच्या मागोमाग हिंदुस्थानभर फिरते. हा इतिहास नव्हे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘वाफेचे घर’ या फ्रेंच कादंबरीतला हा भाग आहे. तिचा लेखक ज्यूल व्हर्न हिंदुस्थानात कधीही आलेला नव्हता.

विज्ञानकथेच्या जनकांमध्ये व्हर्नचे नाव अग्रभागी घेतले जाते. भा. रा. भागवत यांच्या ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’सारख्या रूपांतरांमुळे तो मराठी घरांतही पोहोचला. पाणबुडी, चांद्रसफर, विजेवर चालणारी यंत्रे यांचे भविष्य वर्तवणारा, मुलांसाठी साहसकथा लिहिणारा लेखक अशी त्याची प्रतिमा आपल्या मनात असते. या प्रतिमेमागचा व्हर्न मात्र करारबद्ध लेखक होता. चार दशके तो ठरल्या मुदतीत पाने देत राहिला आणि त्यांतली कोणती राहतील, कोणती गळतील, याचा निर्णय बरीच वर्षे एकट्या त्याच्या हाती नव्हता.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी पश्चिम फ्रान्समधील नांत या बंदराच्या शहरात, ल्वार नदीतल्या फेदो बेटावर झाला. वडील पिएर वकील होते, आईच्या घराण्यात जहाजमालक आणि दर्यावर्दी होऊन गेले होते. पाच भावंडांत तो थोरला. अकराव्या वर्षी नात्यातल्या एका बहिणीसाठी पोवळ्यांची माळ आणायला तो जहाजावर लपून बसला आणि वडिलांनी त्याला परत आणले, ही कथा फार लोकप्रिय आहे. ती नात्यातल्याच एका लेखिकेने १९२८ साली लिहिलेल्या चरित्रातून पसरली आणि अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मात्र धाकटा भाऊ पॉल नौदलात गेला आणि थोरल्याच्या वाट्याला वडिलांची वकिली ठरलेली होती, एवढे खरे.

कायद्याच्या शिक्षणासाठी तो १८४८ साली पॅरिसला आला आणि रंगभूमीच्या नादी लागला. थोरल्या अलेक्झांडर द्यूमाच्या नाट्यगृहात १८५० साली त्याची एकांकिका रंगमंचावर आली. कायद्याची पदवी मिळाली, पण नांतला परतून वडिलांचे दप्तर सांभाळण्यास त्याने नकार दिला. एका नाट्यगृहाच्या चिटणिसाची नोकरी, मासिकांतून कथा आणि उरलेला वेळ राष्ट्रीय ग्रंथालयात भूगोल, खगोलशास्त्र व प्रवासवर्णने वाचण्यात, असा त्याचा क्रम होता. १८५७च्या जानेवारीत त्याने ओनोरीन या दोन मुली असलेल्या विधवेशी विवाह केला आणि संसार चालवण्यासाठी शेअर बाजारात दलालीचा व्यवसाय पत्करला. १८६१ साली मुलगा मिशेल जन्मला.

१८६२ साली त्याची गाठ पिएर-ज्यूल एत्झेल या प्रकाशकाशी पडली. बाल्झाक, ह्यूगो, जॉर्ज सँड यांची पुस्तके काढणारा एत्झेल कट्टर प्रजासत्ताकवादी होता आणि लुई नेपोलियनच्या सत्ताग्रहणानंतर त्याने काही वर्षे ब्रसेल्समध्ये विजनवासात काढली होती. त्याने प्रसिद्ध केलेली ‘बलूनमधून पाच आठवडे’ ही कादंबरी १८६३च्या जानेवारीत बाजारात आली आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा व्हर्न नावारूपाला आला.

त्यापाठोपाठ व्हर्नने एत्झेलकडे आणखी एक हस्तलिखित दिले : ‘विसाव्या शतकातील पॅरिस’. त्यातल्या १९६० सालच्या पॅरिसमध्ये जलद नगर रेल्वे आहे, वायूवर धावणाऱ्या गाड्या आहेत, तारेवरून चित्राची हुबेहूब नक्कल पाठवण्याची सोय आहे आणि रात्रीचा दिवस करणारे विजेचे दिवे आहेत. पण या शहरात साहित्याला कोणी विचारत नाही. तेथील तरुण कवी मिशेल कामधंदा आणि प्रेम दोन्ही गमावतो आणि बर्फाने झाकलेल्या दफनभूमीत कोसळतो. एत्झेलने ही कादंबरी साफ नाकारली. असल्या भविष्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि तुझ्या नावाला बट्टा लागेल, असा त्याच्या पत्राचा आशय होता. व्हर्नने ते हस्तलिखित बाजूला ठेवले ते कायमचे.

एत्झेलने १८६४ साली मुलांसाठी व कुटुंबांसाठी ज्ञान आणि मनोरंजन यांचा मेळ घालणारे नियतकालिक सुरू केले. व्हर्न त्याचा आधारस्तंभ बनला आणि ‘अद्भुत सफरी’ ही मालिका आकाराला आली. प्रारंभी वर्षाला तीन आणि १८७१च्या करारानुसार दोन खंड देणे त्याच्यावर बंधनकारक होते. ‘पृथ्वीच्या पोटात प्रवास’ (१८६४), ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ (१८६५), ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ (१८६९-७०) अशी एकामागून एक पुस्तके आली. पहाटे पाचला उठून दुपारपर्यंत लेखन आणि नंतर नियतकालिकांचे वाचन व टिपणे, ही त्याची शिस्त होती.

चांद्रसफरीच्या कादंबरीतील गणित त्याने अँरी गार्से या गणितज्ञ नातेवाइकाकडून तपासून घेतले होते. त्याच्या कथेतले तीन प्रवासी फ्लोरिडातून निघतात, चंद्राला वळसा घालतात आणि प्रशांत महासागरात उतरतात. १९६८च्या डिसेंबरात अपोलो ८ यानाचा प्रवास नेमका असाच झाला. तोफेतून उडवलेल्या गोळ्यातील माणसे पहिल्याच धक्क्याने दगावतील, हे त्या योजनेचे न्यून मात्र कायम राहिले. ज्ञात विज्ञानाला धरून एक पाऊल पुढे टाकणे ही व्हर्नची रीत होती. म्हणूनच एच. जी. वेल्सने गुरुत्वाकर्षण रोखणारा काल्पनिक पदार्थ वापरला, तेव्हा ते त्याला रुचले नाही.

प्रकाशकाची कात्री सर्वांत ठळकपणे लागली ती कॅप्टन निमोला. व्हर्नच्या मनातला निमो पोलंडचा सरदार होता. १८६३चा पोलिश उठाव रशियाने चिरडला, त्यात त्याचे कुटुंब संपले आणि आता तो समुद्राखालून सूड घेतो, अशी ती कल्पना होती. पुस्तकांना रशियात मोठी मागणी होती आणि फ्रान्सचे झारशी संबंधही सांभाळायचे होते. एत्झेलने हरकत घेतली. निमोचा वैरी गुलामांचा व्यापारी करावा, ही त्याची सूचना मात्र व्हर्नने मानली नाही. अखेर निमोला देशच उरला नाही.

पाच वर्षांनी ‘गूढ बेट’ (१८७४-७५) या कादंबरीत हे कोडे सुटले. मरणासन्न निमो आपण बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा आप्त आणि १८५७च्या उठावातील सेनानी असल्याचे सांगतो. पोलंडची जखम अशी हिंदुस्थानच्या नावावर लागली. तेथेही कात्री थांबली नाही. मूळ हस्तलिखितात स्वातंत्र्याचा उच्चार करीत निमो प्राण सोडतो, तर छापील पुस्तकात देव आणि देश यांचे स्मरण करीत. हा बदल एत्झेलच्या आग्रहाचा होता. याच निमोच्या उठावाला न्याय्य मानणाऱ्या लेखकाने पुढे ‘वाफेचे घर’मध्ये नानासाहेबांना कानपूरच्या कत्तलीचा खलनायक करून इंग्रज कर्नलला नायकपद दिले, ही विसंगती मराठी वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ १८७२च्या अखेरीस ‘ल तां’ या दैनिकातून क्रमशः आली आणि तिने व्हर्नला घराघरांत नेले. तिचा नायक फिलिअस फॉग मुंबईत उतरतो, नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात पादत्राणांसह शिरून संकट ओढवून घेतो आणि मग आगगाडी कल्याण, नाशिक, खानदेश, बऱ्हाणपूर या वाटेने धावते. अलाहाबादच्या अलीकडे लोहमार्ग संपतो आणि हत्ती विकत घ्यावा लागतो. वास्तविक मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० सालीच जोडला गेला होता. हत्तीवरची ती वाटचाल आणि सतीच्या चितेवरून मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी औदा हिची सुटका, यांसाठी व्हर्नने तो तोडला. युरोपीय वाचकाला अपेक्षित असलेला हिंदुस्थान त्याने ग्रंथालयात बसून उभा केला होता आणि त्या काळचे पूर्वग्रहही त्यात आले होते.

पैसा आणि कीर्ती भरपूर मिळाली. ‘ऐंशी दिवसां’वरचे नाटक १८७४पासून पॅरिसमध्ये तुफान चालले. १८७७ साली त्याने वाफेवर चालणारी मोठी नौका घेतली आणि भूमध्य समुद्रापर्यंत सफरी केल्या. फ्रेंच अकादमीचे सदस्यत्व मात्र कधीच लाभले नाही. मुलांचा लेखक हा शिक्का पुसला गेला नाही आणि तो सल त्याला अखेरपर्यंत राहिला. घरातही स्वास्थ्य नव्हते. उनाड मिशेलला त्याने सुधारगृहात धाडले आणि १८७८ साली हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजावर चढवले.

१८८६ हे वर्ष त्याच्या आयुष्याचे दोन तुकडे करून गेले. ९ मार्च रोजी आमियाँ येथील घराच्या दारात मनोरुग्ण पुतण्या गास्तोंने त्याच्यावर दोन गोळ्या झाडल्या. पायात शिरलेली गोळी काढता आली नाही आणि व्हर्न कायमचा लंगडा झाला. आठच दिवसांनी एत्झेल मरण पावला. व्हर्नला अंत्यविधीलाही जाता आले नाही. नौका त्याच वर्षी विकली गेली.

त्यानंतरच्या पुस्तकांत यंत्राविषयीचा संशय वाढत गेला. ‘तरते बेट’मध्ये (१८९५) धनिकांची यांत्रिक नगरी आपसातल्या भांडणाने फुटते, तर ‘निशाणासमोर’मध्ये (१८९६) संहारक अस्त्राचा शोध लावणारा वेडसर शास्त्रज्ञ चाच्यांच्या हाती लागतो. नाकारलेल्या तरुण कादंबरीतला सूर जणू म्हातारपणी परतला होता. आमियाँच्या नगरपरिषदेवर तो १८८८ साली निवडून आला आणि सुमारे पंधरा वर्षे नाट्यगृह व इतर नागरी कामांत त्याने मन रमवले. मधुमेह आणि मंदावलेली दृष्टी यांच्याशी झुंजत असतानाही त्याने लेखणी ठेवली नाही. २४ मार्च १९०५ रोजी वयाच्या ७७व्या वर्षी त्याचे निधन झाले.

मृत्यूनंतरही पाने बदलत राहिली. मागे उरलेल्या कादंबऱ्या मिशेलने वडिलांच्या नावाने प्रसिद्ध केल्या, पण त्यांत पात्रे घातली, शेवट फिरवले. मूळ हस्तलिखितांशी ताडून हे उघड व्हायला १९७०च्या दशकाची अखेर उजाडली. इंग्रजी अनुवादकांनीही विज्ञानाचे व राजकारणाचे परिच्छेद सर्रास गाळले होते. जगात सर्वाधिक अनुवादित होणाऱ्या लेखकांत गणला जाणारा व्हर्न परभाषांतील वाचकांना बराच काळ अर्धामुर्धाच भेटला.

पणतू ज्याँ व्हर्न याला १९८९ साली घरातल्या जुन्या तिजोरीत ‘विसाव्या शतकातील पॅरिस’चे हस्तलिखित सापडले. ते १९९४ साली प्रसिद्ध झाले, लिहिल्यानंतर तब्बल १३१ वर्षांनी. ज्या भविष्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही असे एत्झेलला वाटले होते, ते १९६० साल तोवर उलटून गेले होते. यंत्रांनी गजबजलेल्या शहरात कवीला जागा उरेल काय, हा पस्तिशीतल्या व्हर्नने विचारलेला प्रश्न वाचकांसमोर आला तो तेव्हा.