चित्रपटगृहांचे जाळे विणणारे जमशेदजी मादन

कोलकात्याच्या न्यू मार्केट परिसरात, महापालिकेच्या मुख्यालयाजवळ 'चॅप्लिन' नावाचे एक जुने चित्रपटगृह होते. २०१३ मध्ये ते पाडण्यात आले. चॅप्लिन हे नाव मिळण्यापूर्वी ते मिनर्व्हा म्हणून ओळखले जात असे आणि १९०७ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याचे नाव होते एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस. भारतातील पहिल्या कायमस्वरूपी चित्रपटगृहांत गणली जाणारी ही वास्तू जमशेदजी फ्रामजी मादन यांनी उभारली होती. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात दिग्दर्शक आणि कलाकारांची नावे ठळकपणे येतात. प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहे उभारणाऱ्या मादन यांचे नाव मात्र काहीसे मागे पडले आहे.

मादन यांचा जन्म मुंबईतील एका पारशी कुटुंबात १८५० च्या दशकात झाला. लहान वयातच त्यांचा रंगभूमीशी संबंध आला. एल्फिन्स्टन नाटक मंडळीत त्यांनी रंगमंचावरील सामानसुमान सांभाळण्यापासून सुरुवात केली आणि पुढे नट म्हणूनही काम केले. नंतर ते व्यापारात शिरले व कोलकात्यात स्थिरावले. ब्रिटिश लष्कराला लागणारे खाद्यपदार्थ, मद्य आणि इतर सामान पुरवण्याच्या व्यवसायात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. तरीही नाटकाची ओढ सुटली नव्हती. जिथे त्यांनी उमेदवारी केली, ती एल्फिन्स्टन मंडळी आणि तिच्या जोडीला खटाऊ-आल्फ्रेड ही पारशी रंगभूमीवरील नामांकित मंडळी त्यांनी विकत घेतली. कोलकात्याचे कोरिंथियन नाट्यगृहही त्यांच्या ताब्यात आले.

मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र प्रथम दाखवले गेले. त्यानंतरची काही वर्षे चित्रपटाला स्वतःचे घर नव्हते. नाटकाच्या मध्यंतरात, जत्रेत किंवा तंबूत खेळ व्हायचे आणि पावसाळा आला की तंबू गुंडाळावा लागे. मादन यांनीही १९०२ मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीची यंत्रसामग्री आणून कोलकात्याच्या मैदानावर तंबूतच बायोस्कोपचे खेळ सुरू केले. मात्र इतरांच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट त्यांनी ओळखली. चित्रपट आज येतो आणि उद्या जुना होतो. प्रेक्षकाला मात्र दर आठवड्याला यायला एक ठरलेली जागा लागते. ज्याच्या हाती जागा, त्याच्या हाती धंद्याची किल्ली, या हिशेबाने त्यांनी एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस उभारले आणि पुढे एकामागून एक चित्रपटगृहे विकत किंवा भाड्याने घेतली.

चित्रपटगृहे वाढली तशी चित्रपटांची गरजही वाढली. परदेशी चित्रपट आणून ते आपल्या चित्रपटगृहांत फिरवणे हा मादन यांचा मुख्य व्यवसाय राहिला. त्याबरोबर ते निर्मितीतही उतरले. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित केलेल्या राजा हरिश्चंद्राचीच कथा घेऊन १९१७ मध्ये त्यांच्या कंपनीने कोलकात्यात मूकपट काढला. १९१९ मध्ये 'बिल्वमंगल' आला. त्याच वर्षी मादन थिएटर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन या तिन्ही गोष्टी एकाच छत्राखाली आल्या. नाटक मंडळ्यांमधील लेखक आणि नटसंच हाताशी असल्यामुळे कथा व कलाकार यांची वाण नव्हती.

१९२३ मध्ये जमशेदजींचे निधन झाले. त्यांच्या पश्चात कारभार त्यांचे पुत्र जे. जे. मादन यांच्याकडे आला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीच्या चित्रपटगृहांची संख्या शंभरावर गेली होती आणि त्यांचा पसारा ब्रह्मदेश व श्रीलंकेपर्यंत पोहोचला होता. एवढी सत्ता एका घराण्याकडे असणे हा लहान निर्माते आणि प्रदर्शकांच्या चिंतेचा विषय ठरला. आपल्या चित्रपटांना पडदाच मिळत नाही, अशी अनेकांची तक्रार होती. टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीनेही मादन कंपनीच्या मक्तेदारीचा प्रश्न विचारात घेतला.

पुढे बोलपट आला. भारतात प्रदर्शित झालेला पहिला परदेशी बोलपट एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्येच दाखवला गेला. मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' मुंबईत झळकला. पाठोपाठ मादन कंपनीने 'जमाई षष्ठी' हा पहिला बंगाली बोलपट आणि सुमारे सत्तर गाण्यांचा 'इंद्रसभा' हा हिंदी बोलपट काढला. परंतु प्रत्येक चित्रपटगृहात ध्वनियंत्रणा बसवायची, तर खर्च प्रचंड होता. ज्या विस्तारावर कंपनी मोठी झाली, तोच आता तिला पेलवेना. चित्रपटगृहे एकेक करून हातची गेली आणि १९३० च्या दशकातच मादन यांचे साम्राज्य लयाला गेले.

मादन कंपनीच्या मूकपटांपैकी फारच थोडे शिल्लक राहिले. 'बिल्वमंगल'चा पॅरिस येथे जतन झालेला भाग डिजिटल स्वरूपात २०१६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दाखल झाला. जमशेदजींनी उभारलेले एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस आता नाही. पण कोलकात्यातील मादन स्ट्रीट या रस्त्याच्या रूपाने त्यांचे नाव त्या शहरात टिकून आहे.