फाळक्यांनाही व्हर्जनचा घोळ चुकला नाही!

कालपर्यंत मुकाट चालणारं अ‍ॅड-ऑन अपडेटनंतर लाल अक्षरांत एरर फेकतंय? थांबा, लगेच अनइन्स्टॉल करू नका. कदाचित बिघडलेलं काहीच नसेल. २०२१ मध्ये कोडी १९ आलं, तेव्हा ते पायथन ३ वर गेलं आणि फक्त पायथन २ साठी लिहिलेली अ‍ॅड-ऑन्स बसली गप्प. भाषेचं नाव तेच, पण पायथन २ मध्ये ‘प्रिंट’ कंसाशिवाय चालायचं, ३ ला कंस हवाच. एवढ्यावरूनही गाडी अडते.

आता आपल्या नाशिकच्या एका माणसाची गोष्ट ऐका. त्यानं कॉम्प्युटर पाहिला नव्हता, पण हा घोळ त्याच्या वाट्याला दोनदा आला.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. जे. जे.मध्ये चित्रकला शिकले, मग फोटोग्राफी केली, छापखाना काढला. चाळिशीच्या आसपास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात सिनेमाच बसला. १९१२ च्या फेब्रुवारीत ते थेट लंडनला निघाले. तिथे विल्यमसन कॅमेरा घेतला आणि सोबत एक यंत्रही, फिल्मला भोकं पाडायचं!

भोकं कशाला? तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. एका चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार भोकं लागत आणि त्यांत यंत्राचे दाते अडकून फिल्म पुढे सरके. अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र थरथरणार, नाहीतर फिल्मच फाटणार. म्हणजे फिल्म उत्तम, कॅमेरा उत्तम, तरी दोघांचं जमत नाही. ओळखीचं वाटतंय ना?

हे जुळवायचं काम घरातच चालायचं. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून भोकं पाडायच्या, कॅमेऱ्यात फिल्म भरायलाही शिकल्या होत्या. ३ मे १९१३ ला गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तो या चिकाटीवर. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि मूकपटामागून मूकपट इथे तयार झाले.

मग १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ बोलला आणि जगाचं व्हर्जनच बदललं. फाळके तेव्हा साठीला टेकले होते. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून १९३२ ला पुरा झाला, पण आता मुका सिनेमा कोण बघणार? म्हणून त्याला मागाहून आवाज जोडला. जुन्यावर नवं अ‍ॅड-ऑनच म्हणा ना. आणि हे भोकांइतकं सोपं नव्हतं. मूकपट सेकंदाला साधारण १६ चित्रांच्या चालीनं घेतले जायचे, तीही हाताच्या वेगानुसार कमीजास्त. बोलपटाला हवी नेमकी २४. मूकपटात संवाद लिहिलेल्या पाट्या सांगायच्या, बोलपटात ओठ आणि शब्द जुळावे लागतात. ठिगळानं हे अंतर किती भरणार?

फाळक्यांनी मग अवघड वाट धरली. पासष्टी ओलांडल्यावर कोल्हापूरला जाऊन ‘गंगावतरण’ हा पहिल्यापासून बोलपट म्हणूनच केला. १९३७ साली तो आला. तोच त्यांचा एकमेव बोलपट आणि तोच शेवटचा सिनेमा. नवं तंत्र हाती आलं, पण तोवर धंदा पुढे निघून गेला होता. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच ते गेले.

तर पुढच्या वेळी एरर आली की आधी भोकं मोजा. म्हणजे काय? सॉफ्टवेअरच्या पोटात कोणतं पायथन आहे ते बघा. तुम्ही लॅपटॉपवर वेगळं टाकलेलं पायथन बहुतेकदा इथे कामी येत नाही. मग अ‍ॅड-ऑन कोणत्या व्हर्जनसाठी लिहिलंय ते तपासा आणि जुळणारं नवं मिळतंय का शोधा. एखाददुसरा कंस चुकला असेल तर दुरुस्त करा. पण पायाच बदलला असेल, तर ठिगळं लावत रात्री घालवू नका, नव्यानं लिहा. आणि ते लवकर करा. फाळक्यांना उशीर झाला होता, तुमच्याकडे अजून वेळ आहे.