रहिमतुल्ला सयानी : कला आणि कायदा यांचा विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की ढाणकी-उमरखेडकडील मुस्लिम घरांतही एक प्रश्न उभा राहतो : मुलाला वा मुलीला पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला घालावे काय? या शिक्षणाचा दीनला काय लाभ, अशी शंका अनेक पालकांच्या मनात असते. तिचे उत्तर एका चरित्रात सापडते.

रहिमतुल्ला मुहम्मद सयानी यांचा जन्म १८४७ साली खोजा मुस्लिम कुटुंबात झाला. त्याच वर्षी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक दावा आला होता. खोजा समाजातील मुलींनी पित्याच्या मालमत्तेत कुरआनने ठरवून दिलेला हिस्सा मागितला होता. सूरह निसामधील आदेश स्पष्ट असतानाही न्यायमूर्ती पेरी यांनी समाजाची रूढी ग्राह्य धरली आणि मुलींचा दावा फेटाळला. अल्लाहने दिलेला हक्क रूढीने हिरावला आणि त्या रूढीवर कायद्याची मोहोर उठली.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा सयानी दहा वर्षांचे होते. इंग्रजी विद्येकडे समाज संशयाने पाहत होता. अशा काळात त्यांनी बी.ए. व एम.ए. या कला शाखेच्या पदव्या संपादन केल्या. भारतातील पहिले मुस्लिम एम.ए. म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्यानंतर त्यांनी एलएल.बी. पूर्ण केले. आज एकत्र मिळणाऱ्या या दोन पदव्या तेव्हा एकामागून एक मिळवाव्या लागत.

ही विद्या त्यांनी केवळ उपजीविकेपुरती ठेवली नाही. खोजांच्या वारसा कायद्याचा विचार करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीवर त्यांनी काम केले. १८८८ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. १८९६ साली कलकत्त्यात भरलेल्या काँग्रेसच्या बाराव्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. बद्रुद्दीन तय्यबजींनंतर हा मान मिळालेले ते दुसरे मुस्लिम होत. त्या भाषणात त्यांनी मुसलमानांचे आक्षेप एकेक करून मांडले व त्यांना उत्तरे दिली. आक्षेप आधी प्रामाणिकपणे मांडावा आणि मगच त्याचे निरसन करावे, ही रीत आमच्या फिकहच्या ग्रंथांतही आहे. १९०२ साली त्यांचे निधन झाले. मुंबईतील प्रभादेवीचा सयानी मार्ग त्यांचे नाव आजही सांगतो.

रूढीऐवजी शरीअत लागू करणारा कायदा अखेर १९३७ साली झाला. शेतजमीन मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिली. म्हणून प्रश्न आजही आपल्या उंबरठ्यावर आहे. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लागले आहे काय? तिचा हिस्सा तिला मिळाला, की हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली गेली? आपल्या मुलीने कायदा शिकावा आणि तिचा पहिला प्रश्न आपल्याच घराला असावा. तो ऐकून घेण्याचे धैर्य अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.