वकिली सोडून मुलांत रमलेले गिजुभाई



१४ नोव्हेंबरला बालदिन असतो, हे आपल्या शाळेतील पहिलीच्या मुलालाही ठाऊक आहे. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ नोव्हेंबरला, गिजुभाई बधेका यांची जयंती येते. ती मात्र सहसा कुणाच्या ध्यानी राहत नाही. म्हणून या अंकात त्यांची ओळख करून देत आहोत.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १८८५ चा, सौराष्ट्रातील चित्तल गावचा. १९०७ मध्ये ते नशीब काढण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेले. परत आल्यावर मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला शिकवायचे कुठे, हा प्रश्न समोर उभा राहिला. त्या काळची शाळा म्हणजे छडी, घोकंपट्टी आणि हाताची घडी. आपण सोसले तसे मुलानेही सोसावे, अशीच सर्वसाधारण रीत होती. गिजुभाईंना ती पटेना. शोध घेताना इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले आणि आयुष्याची दिशाच बदलली.

१९१६ मध्ये वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले. नानाभाई भट्ट यांनी ही संस्था १९१० साली स्थापन केली होती. आरंभी गिजुभाईंनी मोठ्या मुलांना शिकवले. पण खरा पाया त्याही आधी घातला जातो, हे त्यांनी ओळखले आणि १९२० मध्ये लहान मुलांसाठी बालमंदिर काढले. तेथे ना मार, ना धाक. गोष्टी, गाणी, नाटके, चित्रे, माती आणि बागेतील कामे हाच अभ्यास होता. मुलांवरील त्यांची माया पाहून लोक त्यांना मिशीवाली आई म्हणू लागले.

उलटतपासणी करणे हा वकिलाचा धंदा. तोच मनुष्य मुलांसमोर बसून त्यांचे प्रश्न ऐकू लागला. आम्हाला यातच त्यांचे मोठेपण दिसते. नवे शिकणे त्यामानाने सोपे असते, अंगवळणी पडलेले सोडणे फार कठीण.

हे किती कठीण असते, ते त्यांनी 'दिवास्वप्न' या पुस्तकात गोष्टीरूपाने सांगितले आहे. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे हे पुस्तक आम्ही काशिनाथ त्रिवेदी यांच्या हिंदी अनुवादात वाचले. त्यातील शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या तयारीने शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि मुले आरडाओरडा करून त्याचा बेत उधळून लावतात. तो मुलांना दोष देत नाही. घरी बसून केलेली आपली तयारीच चुकली, हे तो मान्य करतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग आपोआप शांत होतो. पुढे वर्गात पुस्तकांचे छोटे ग्रंथालय उभे राहते आणि मुले आपण होऊन वाचू लागतात.

आपल्या मराठी मंडळींना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ताराबाई मोडक या भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे हे काम खेड्यातील मुलांपर्यंत नेले आणि अनुताई वाघ यांनी त्यांना साथ दिली. गिजुभाई मात्र २३ जून १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, मुंबईत निवर्तले. तोवर त्यांनी मुलांसाठी, पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी विपुल लेखन करून ठेवले होते.

आता थोडे आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी पाचवीतील एका मुलीने आम्हाला विचारले होते की चिंचेची पाने रात्री का मिटतात. हे परीक्षेत येत नाही, असे सांगून आम्ही तिला खाली बसवले. खरे कारण हे की आम्हाला उत्तर येत नव्हते. त्यानंतर वर्षभर तिने काही विचारल्याचे आम्हाला आठवत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीला बंदी केली. पण असे एक वाक्यसुद्धा छडीचेच काम करते आणि त्याला कोणताही कायदा रोखू शकत नाही. ती सवय आमची आम्हालाच सोडावी लागेल.

म्हणून या सत्रापासून शनिवारचा शेवटचा तास पाठ्यपुस्तकाविना होईल. मुलांनी प्रश्न आणायचे. शिक्षकांना उत्तर येत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगायचे आणि मुलांबरोबर शोधायचे. पालकांना विनंती की त्या दिवशी वही कोरी दिसली तर रागावू नये. विश्वस्तांना विनंती आहे ती ग्रंथालयाच्या कपाटांविषयी. त्यांची कुलपे आम्ही काढत आहोत. काही पुस्तके फाटतील, एखाददुसरे हरवेलही. तेवढे नुकसान सांभाळून घ्यावे. इतकी वर्षे ती पुस्तके नवी कोरी राहिली, याचाच आम्हाला आता खेद वाटतो.