नागपूरच्या दगडांना नाव-गाव देणारे स्टीफन हिस्लॉप

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजात शिकून गेलेले लोक शहरात घरोघरी भेटतात. ज्यांच्या नावाने १८८३ मध्ये हे महाविद्यालय सुरू झाले, ते स्टीफन हिस्लॉप मात्र बहुतेकांना फक्त एक स्कॉटिश मिशनरी म्हणून माहीत असतात. भूशास्त्रज्ञांना त्यांची ओळख वेगळ्या कारणाने आहे. नागपूरच्या परिसरातले दगड, स्फटिक आणि जीवाश्म पद्धतशीर गोळा करून ते जगापुढे मांडणारे हिस्लॉप हे पहिल्या काही संशोधकांपैकी एक. त्यांच्या नावाचे खनिज आहे, त्यांच्या नावाचा जलचर आहे आणि त्यांच्या नावाचे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पानही आहे.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी झाला. वडील गवंडीकामाच्या धंद्यात होते. शिक्षण एडिनबर्ग आणि ग्लासगो विद्यापीठांत झाले आणि धर्मशिक्षण घेऊन ते फ्री चर्चमध्ये दाखल झाले. १८४४ च्या अखेरीस पत्नी इरॅस्मा यांच्यासह ते मुंबईत उतरले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचले. तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. हिस्लॉप मराठी शिकले आणि १८४६ मध्ये त्यांनी शहरात शाळा काढली. पुढच्या वर्षी रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. दोघांनाही निसर्गविज्ञानाची ओढ होती. दिवस शाळेत जात आणि थंडीच्या दिवसांत गावोगाव दौरे होत. या दौऱ्यांच्या वाटेवरच त्यांचे दगड गोळा करण्याचे काम सुरू झाले.

सुरुवात १८५१ मध्ये टाकळीपासून झाली. आज टाकळी ही शहरातली वस्ती आहे. तेव्हा ते नागपूरच्या पश्चिमेला दोन-अडीच मैलांवरचे खेडे होते. तिथल्या काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये मातकट खडकाचा एक पातळ पट्टा त्यांना दिसला. त्या पट्ट्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगड होऊन बसलेले होते. पुढे त्याच थरांतून फळे, बिया, लाकूड, भुंग्यांच्या पंखांची कवचे आणि हाडांचे तुकडेही मिळाले.

या शंखांचे महत्त्व समजायला काळ्या पाषाणाचा जन्म माहीत हवा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि एकावर एक थर देत पसरला. सह्याद्री त्याच लाव्ह्याचा आहे आणि नागपूर या पसाऱ्याच्या पूर्व कडेवर आहे. हे थर एका दमात साचले असते, तर मध्ये गोगलगायी कुठून आल्या असत्या? एक थर निवला, त्यावर पाणी साठले, तळी तयार झाली, काठाला झाडे उगवली, किडे आले. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळे गाडले गेले. दोन उद्रेकांमध्ये एक अख्खे जग वसून संपायला लागणारा अवधी होता, हे टाकळीच्या त्या पट्ट्याने दाखवून दिले. सीताबर्डीच्या टेकडीतही हिस्लॉप आणि हंटर यांनी हीच रचना पाहिली आणि तिचा छेद काढला. आपण रोज जिच्या पायथ्याशी बाजारहाट करतो, ती टेकडी त्यांनी पुस्तकाच्या पानांसारखी थर-थर करून वाचली.

याच काळ्या पाषाणात आणखी एक गोष्ट मिळते. लाव्हा निवताना त्यातले वायू बुडबुडे धरतात आणि खडकात पोकळ्या राहतात. पुढे त्यांत खनिजे विरघळलेले पाणी झिरपते आणि हळूहळू स्फटिक वाढतात. गारगोटी, कॅल्साइट, जिओलाइट हे सगळे असेच तयार होतात. हिस्लॉप यांना टाकळीला हिरव्या रंगाचे कॅल्साइट मिळाले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले सॅम्युअल हॉटन यांनी नागपूरचे हे खनिज तपासले आणि १८५९ मध्ये त्याला हिस्लोपाइट असे नाव दिले. हंटर यांच्या नावाने हंटराइटही आले. पुढच्या तपासण्यांत मात्र हिस्लोपाइट हे स्वतंत्र खनिज ठरले नाही. ते साधे कॅल्साइटच असून त्याचा हिरवा रंग आत मिसळलेल्या ग्लॉकोनाइटसारख्या द्रव्याचा आहे, असे दिसून आले. आजच्या मान्य खनिजांच्या यादीत ते नाव नाही.

एक नाव गळाले तरी हिस्लॉप यांच्या संग्रहाची किंमत कमी झाली नाही. सुंदर दगड कोणीही उचलून कपाटात ठेवू शकतो. पण तो कोणत्या गावचा, कोणत्या थरातला, त्याच्या वर काय होते आणि खाली काय, याची नोंद नसेल तर तो फक्त शोभेचा राहतो. ही नोंद एकदा हरवली की परत मिळत नाही. दगड प्रयोगशाळेत नेऊनही त्याचे गाव सांगता येत नाही. हिस्लॉप यांच्या वस्तूंना टाकळी, सिलेवाडा, कामठी, भरतवाडा, मांगली असे पत्ते होते. म्हणून दीडशे वर्षांनंतरही त्याच जागी जाऊन पडताळा घेता येतो.

आपल्याला सगळे कळते, असा त्यांचा आव नव्हता. ज्या वस्तूचा जो जाणकार, त्याच्याकडे ती पोहोचावी याची त्यांनी काळजी घेतली. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली. त्याआधी इथून निघणारा माल रस्त्यानेच जाई. अशा काळात नागपूरचे दगड सातासमुद्रापार गेले. वनस्पतींचे जीवाश्म चार्ल्स बनबरी यांनी अभ्यासले, कीटक अँड्र्यू मरे यांनी आणि प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन यांनी. मुंबईतले डॉक्टर हेन्री कार्टर यांनी नागपूरच्या गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म, वसाहत करून राहणाऱ्या जीवाला १८५८ मध्ये हिस्लोपिया असे नाव दिले. हे नाव आजही वापरात आहे. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूरचनेवरचा मोठा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आला. त्याच सुमारास हंटर मायदेशी परतले आणि पुढचे काम हिस्लॉप यांनी एकट्याने चालवले.

ओवेन यांच्याकडे गेलेली कवटी नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवरच्या मांगलीची होती. बेडकासारखा पाण्यात आणि जमिनीवर वावरणारा, रुंद चपट्या डोक्याचा तो प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. ओवेन यांनी त्याला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. याच ओवेन यांच्यापुढे काही वर्षे आधी दक्षिण आफ्रिकेतले जीवाश्म आले होते. ते पाठवणारे अँड्र्यू बेन हेही व्यवसायाने भूशास्त्रज्ञ नव्हते. ते रस्ते बांधत आणि कारू नावाच्या माळरानात घाट फोडताना निघालेली हाडे जपून ठेवत. नागपूरचा शाळाचालक आणि कारूमधला रस्ते बांधणारा एकमेकांपासून हजारो मैलांवर राहून एकाच गोष्टीचे दोन तुकडे गोळा करत होते. पुढे १९०३ मध्ये ब्रॅकिऑप्सच्या कुळातला एक प्राणी कारूच्या खडकांतही सापडला.

पानांचीही हीच कथा. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वालुकाश्मात हिस्लॉप यांना जिभेच्या आकाराची, मध्ये ठळक शीर असलेली पाने मिळाली. ही ग्लॉसॉप्टेरिसची पाने. हीच पाने दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडतात. दुसऱ्या एका लांबट पानाला बनबरी यांनी १८६१ मध्ये हिस्लॉप यांचे नाव जोडले आणि ते पानही दक्षिण आफ्रिकेच्या कोळशाच्या थरांत आढळले. मधे अख्खा हिंदी महासागर असताना एकच झाड दोन्हीकडे कसे? त्याचे उत्तर हिस्लॉप यांच्या हयातीत मिळाले नाही. त्यांच्यानंतर १८७० च्या दशकात या थरांना गोंडांच्या भूमीवरून गोंडवन हे नाव मिळाले आणि १८८५ मध्ये एडवर्ड झूस यांनी दक्षिणेकडच्या जुन्या अखंड भूखंडाला गोंडवनलँड म्हटले. हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते आणि मग दूर सरकत गेले, ही गोष्ट विसाव्या शतकात सिद्ध झाली. तिच्या पुराव्यात नागपूरच्या या पानांचाही वाटा आहे. कामठी हे नाव तर आजही भूशास्त्रात एका खडकसमूहाचे नाव म्हणून वापरले जाते.

ज्यांच्या भूमीचे नाव पुढे खंडाला मिळाले, त्या गोंडांचीही नोंद हिस्लॉप यांनी केली. गोंडी शब्द, चालीरीती आणि लिंगोची दीर्घ कथा त्यांनी जमवली. हे कागद त्यांच्या हातून छापून व्हायचे नव्हते.

१८६३ च्या सप्टेंबरात मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेम्पल यांच्याबरोबर ते नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले. मोठ्या दगडांची ही वर्तुळे म्हणजे जुनी दफनस्थळे. ४ सप्टेंबरला तिथले काम आटोपल्यावर बाकीची मंडळी मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप एक शाळा तपासण्यासाठी मागे थांबले आणि अंधार पडल्यावर एकटेच घोड्यावरून निघाले. दरम्यान पावसाने बोरीजवळच्या नाल्याला पूर आला होता. मुक्कामावर घोडा पोहोचला, पण त्यावर स्वार नव्हता. शोध घेतल्यावर नाल्यात त्यांचा मृतदेह मिळाला. ४६ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

टेम्पल यांनी त्यांचे कागद एकत्र करून १८६६ मध्ये ग्रंथरूपाने छापले. भूशास्त्र सर्वेक्षण खात्याचे ब्लॅनफर्ड यांनी १८७२ मध्ये नागपूरच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा हिस्लॉप यांनी पाहिलेल्या जागा त्यांच्यापुढे होत्या. टाकळघाटला १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली रीतसर उत्खनन केले.

हिस्लॉप यांनी जमवलेले अनेक नमुने आज लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत. इकडे टाकळीवर घरे उभी राहिली, सिलेवाड्यात कोळशाच्या खाणी आल्या आणि बुटीबोरीला औद्योगिक वसाहत झाली. शहर वाढताना विहिरी खोदल्या जातात, पाया खणला जातो, रस्त्यासाठी टेकडी कापली जाते आणि प्रत्येक वेळी एखादा थर उघडा पडून पुन्हा झाकला जातो. अशा ठिकाणी चमकणारा स्फटिक किंवा शंखाचा ठसा असलेला दगड दिसला, तर तो उचलण्याआधी जागेचे छायाचित्र घ्यावे, गावाचे नाव, तारीख आणि खोली लिहावी आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. हिस्लॉप यांच्या संग्रहाला मोल आले ते अशाच नोंदींमुळे.