पालखेडचा विजेता : थोरला बाजीराव

लढाई म्हटली कीं तोफांचा गडगडाट व तलवारींचा खणखणाट मनांत उभा राहतो. परंतु कित्येक लढायांचा निकाल पहिला वार होण्यापूर्वींच सेनापतीच्या निर्णयानें ठरलेला असतो. थोरल्या बाजीराव पेशव्याच्या चरित्रांतील असा एक प्रसंग आम्ही येथें सांगूं इच्छितों.

बाजीरावाचा जन्म १७०० सालीं झाला. पिता बाळाजी विश्वनाथ निवर्तल्यावर १७२० सालीं शाहू महाराजांनीं त्यास पेशवेपदाचीं वस्त्रें दिलीं, तेव्हां तो पुरा वीस वर्षांचाहि नव्हता. इतक्या कोंवळ्या तरुणावर राज्याचा भार टाकणें दरबारांतील कित्येक जाणत्यांस रुचलें नाहीं.

त्याची खरी कसोटी लागली ती निजामुल्मुल्काशीं झालेल्या युद्धांत. निजाम वयानें व अनुभवानें वडील, आणि त्याचा तोफखाना जबरदस्त. शाहू महाराज व कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यांतील वाद पाहून त्यानें चौथाई अडकवून ठेविली व संभाजी महाराजांचा पक्ष घेतला. १७२७ सालीं युद्ध जुंपलें. तोफांच्या तोंडीं उभें राहण्यांत शहाणपण नाहीं, हें बाजीरावानें ओळखलें. त्याचें बळ वेगवान घोडदळांत होतें. जालन्याकडे शिरून त्यानें निजामाचा मुलूख त्रस्त केला. मग बऱ्हाणपुराची हूल देऊन तो गुजराथेंत उतरला.

तेव्हां निजाम पुण्यावर चालून गेला. शाहू महाराजांस पुरंदराचा आश्रय करावा लागला. हीच परीक्षेची घटका होय. स्वतःचा प्रांत शत्रूच्या पायांखालीं जात असतां कोणाचा धीर सुटणार नाहीं? तथापि बाजीराव पुण्याकडे धांवला नाहीं. तो उलट औरंगाबादेच्या रोखानें निघाला. आतां निजामासच पुणें सोडावें लागलें, आणि त्वरेसाठीं त्यानें अवजड तोफा मागें ठेविल्या. ज्यांवर सारी भिस्त, त्याच त्यानें टाकल्या!

फेब्रुवारी १७२८ मध्यें वैजापुरानजीक पालखेड येथें मराठ्यांनीं त्यास गांठून वेढलें. दाणागोटा तुटला, पाणी मिळेनासें झालें, आणि मोठा रणसंग्राम न होतांच निजाम तहास आला. ६ मार्च १७२८ रोजीं मुंगी-शेवगांव येथें तह होऊन त्यानें शाहू महाराजांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला.

ह्या विजयाची किंमत दोन्हीं बाजूंच्या रयतेनें मोजली, हेंहि आम्हीं विसरतां कामा नये. शेतें तुडविलीं गेलीं, गांवें लुटलीं गेलीं. नायकाच्या निर्णयाचें ओझें हें असें दुसऱ्यांच्या खांद्यांवरहि पडतें. म्हणूनच तो निर्णय रागाच्या किंवा भीतीच्या भरांत करूं नये.

२८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदातीरीं रावेरखेडी येथें बाजीराव वारला. त्याचें वय चाळिशीच्या आंतच होतें. त्याच्या शौर्याचे गोडवे सर्वच गातात. आम्हांस मात्र शत्रु पुण्यांत असतां न डगमगलेलें त्याचें मन अधिक थोर वाटतें.